‘गाडीवर हात बसलाय’ म्हणणाऱ्यांनो, या चुका टाळा

चवथीच्या आदल्या आठवड्यात मुलाने मला फोंड्याहून पणजीला नेलं. लायसन मिळून त्याला जेमतेम चार महिने झाले होते. फर्मागुडीहून म्हार्दोळकडे उतरताना पुढे एक ट्रक होता. वळण पुरतं सुटायच्या आधीच मुलाने गाडी बाहेर काढली, ट्रकला मागे टाकलं आणि पुन्हा डावीकडे घेतली. माझा उजवा पाय तोवर पायाखालच्या मॅटवर गच्च दाबला गेला होता, जणू तिथे ब्रेकच होता. मी ओरडलो. तो म्हणाला, “बाबा, तुम्ही इथं रोज असंच घेता.”

खरं होतं ते. बावीस वर्षं मी या रस्त्याने जातोय. घरात, नात्यात, ऑफिसात सगळे मला चांगला ड्रायव्हर मानतात आणि मीही मानत होतो. त्या दिवशी मी माझंच चालवणं पहिल्यांदा डावीकडच्या सीटवरून पाहिलं, आणि घाबरलो. त्यानंतर या विषयावर जे वाचलं आणि स्वतःवर करून पाहिलं, ते इथे लिहितोय.

हा समज माझ्या एकट्याचा नाही. ओला स्वेन्सन या स्वीडिश संशोधकाने १९८१ साली अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं : या गटातल्या इतर चालकांच्या तुलनेत तुम्ही कुठे बसता? कौशल्यात आपण वरच्या अर्ध्या भागात आहोत असं अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के जणांना वाटलं. वरच्या अर्ध्यात बसतात पन्नासच टक्के. म्हणजे कित्येकांचा अंदाज चुकलेला होता, आणि तो कोणाचा हे त्यांच्यापैकी एकालाही आतून कळत नव्हतं.

त्याहून बोचणारा अभ्यास १९६५ चा, अमेरिकेतलाच. अपघात होऊन इस्पितळात पोचलेल्या ५० चालकांना आणि कधी तसा अपघात न झालेल्या ५० जणांना स्वतःच्या चालवण्याबद्दल विचारलं गेलं. दोन्ही गटांनी स्वतःला जवळजवळ सारखेच, म्हणजे चांगलेच गुण दिले. पहिल्या गटातल्या ३४ जणांची चूक पोलिसांच्या नोंदीत होती. हाडं मोडली तरी मत मोडलं नाही.

अपघात झाला नाही, याला पुरावा मानू नका

ही सगळ्यात मोठी चूक आहे आणि बाकीच्या बऱ्याचशा हिच्यातूनच निघतात, म्हणून इथे जरा थांबतो.

आमटीत मीठ जास्त पडलं तर पहिल्याच घासाला कळतं. तबल्यावर ठेका चुकला तर समोरचा गायक वळून बघतो. रस्ता असं काही सांगत नाही. वळणावर ओव्हरटेक केला आणि समोरून कोणी आलं नाही, तर हाती काय लागतं? वाचलेली दोन मिनिटं. चुकीला शिक्षा झालीच नाही, उलट बक्षीस मिळालं. असं शंभर वेळा झालं की मन म्हणतं, मला इथला अंदाज आहे. प्रत्यक्षात शंभर वेळा समोरचा रस्ता रिकामा होता, एवढंच घडलेलं असतं.

आणि जिथे तो रिकामा नव्हता तिथे आपल्याला कोणीतरी वाचवलेलं असतं. पहाटे सायकलवरून पाव घेऊन निघालेला पोदेर आपल्या गाडीचा आवाज ऐकून खडीवर उतरतो. भोमच्या अरुंद रस्त्यावर स्कूटरवरची बाई करकचून ब्रेक दाबते. आपण पुढे निघून जातो. धडधड तिच्या छातीत राहते, आपल्या हिशोबात काहीच जमा होत नाही. आपण जितके बेफिकीर, तितकं इतरांनी आपल्यासाठी केलेलं आपल्याला कमी दिसतं. म्हणून वाईट चालकाला आपण वाईट आहोत हे कळणं सर्वात अवघड जातं.

उपाय साधा आहे, करायला जड आहे. एक छोटी वही गाडीत ठेवा. अपघात लिहायचे नाहीत, थोडक्यात टळलेले प्रसंग लिहायचे. गाडी थांबवल्यावर दोन ओळी : कुठे, किती वाजता, मी काय केलं. समोरच्याची चूक लिहायची नाही. ती लिहायला लागलं की वही भरते आणि आपण रिकामे राहतो. मला वाटलं होतं महिन्यात दोन-तीन नोंदी होतील. पहिल्या आठवड्यातच सहा झाल्या, आणि त्यातल्या चार घरी पोचायच्या घाईतल्या, संध्याकाळी सहा ते सातमधल्या होत्या.

चांगल्या चालकाची व्याख्या स्वतःच्या सोयीने करू नका

कोणाला विचारलं तर तो सांगतो, चांगला ड्रायव्हर म्हणजे ट्रॅफिकमधून सफाईने गाडी काढणारा. दुसरा म्हणतो, कधी हॉर्न न वाजवणारा. तिसऱ्याला चोर्ला घाटात रात्री धुक्यातून गाडी आणल्याचा अभिमान असतो. प्रत्येकाने आपल्याला जे जमतं त्याचीच परीक्षा ठेवलेली असते, मग सगळेच पहिले येतात.

एकच मोजमाप सगळ्यांना लावून बघा : तुमच्यामुळे दुसऱ्या कोणाला ब्रेक दाबावा लागला का, बाजूला सरकावं लागलं का, दचकावं लागलं का? घाटातल्या पराक्रमाला इथे गुण नाहीत.

पर्यटकांशी तुलना करू नका

आपल्या गोव्यात ही सवय फार आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं दिसली की आपण म्हणतो, आला भाड्याचा! ते बेसावध चालवतात हे खरंच आहे. अनोळखी रस्ता, अनोळखी स्कूटर, मोबाइलवरचा नकाशा आणि सुट्टीचं वारं. पण सगळ्यात कच्च्या माणसाशेजारी उभं राहून उंची मोजली तर कोणीही उंच ठरतो. तुलना करायचीच तर वीस वर्षं रोज मागे प्रवासी बसवून मोटरसायकल टॅक्सी चालवणाऱ्या एखाद्या जुन्या पायलटशी करा. त्याच्या मागे बसून नीट पाहा. ओळखीच्या चौकातसुद्धा तो वेग कमी करून मान वळवून बघतो. मी ते करत नव्हतो.

हाताची सफाई आणि डोक्यातला अंदाज, यांची गल्लत करू नका

आपली लायसनची परीक्षा आठवा. दुचाकीला आठ काढायचा, चारचाकीला थोडी पुढे-मागे. हात-पाय चालतात का, एवढंच तिथे दिसतं. पुढे उभ्या असलेल्या बसच्या आडून पोर धावत येऊ शकतं, हे डोक्यात येतं का, ते कोणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये २००२ पासून परीक्षेत व्हिडिओ दाखवून धोका किती लवकर ओळखता ते तपासतात.

नुसत्या हाताच्या सफाईने काय होतं, यावर स्वीडनमध्ये एक प्रयोग झाला. नवशिक्यांच्या एका गटाला निसरड्या रस्त्यावर ब्रेक कसा मारायचा, अडथळा कसा चुकवायचा हे शिकवलं. दुसऱ्या गटाला त्याच रस्त्यावर आपलं कुठे चुकतं तेवढंच अनुभवायला लावलं. आठवड्याने दोघांची चाचणी घेतली तर कौशल्य सारखंच निघालं. फरक एका गोष्टीत होता : पहिल्या गटाला आपण जास्त तयार आहोत असं वाटत होतं. नॉर्वेत निसरड्या रस्त्याचं प्रशिक्षण सक्तीचं केल्यावर तरुण पुरुषांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढले. भरवसा वाढला की पाय जड होतो.

नवीन गाडीचंही तसंच. म्युनिकमध्ये काही टॅक्सींना एबीएस ब्रेक (जोरात दाबले तरी चाक जाम होऊ न देणारे) बसवून बाकीच्यांशी तुलना केली, तेव्हा एबीएसवाल्यांचे अपघात कमी झाले नाहीत, कारण त्यांचे चालक जास्त जोरात चालवू लागले होते. मोठी गाडी घेतल्यावर आपण तिची सुरक्षितता वेगात खर्च करतो का, ते एकदा स्वतःला विचारा.

वेगाबद्दल आपला अंदाज किती फसतो, ते साध्या गणिताने बघू. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडायला दीड सेकंद धरा, त्यात २५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने थांबायला आणखी साधारण २० मीटर. एकूण ४५. आता त्याच जागी, त्याच क्षणी, ताशी ८० ने जाणारी दुसरी गाडी घ्या. ४५ मीटरवर पहिली गाडी म्हशीच्या पुढ्यात थांबली. दुसरी तिथे पोचते तेव्हा तिचा वेग अजून ताशी ६५ च्या आसपास असतो. मी हे गणित तीनदा करून पाहिलं, कारण पटत नव्हतं. वीसचा फरक म्हणजे थोडा जास्त धक्का, असं मला आयुष्यभर वाटत होतं.

म्हैस मुद्दाम घेतली. पावसाळ्यात रात्री आपल्याकडे गुरं कोरड्या डांबरावर येऊन बसतात. डिपरवर, म्हणजे खाली पाडलेल्या हेडलाइटच्या उजेडात, काळं जनावर ४०-५० मीटरवर दिसलं तर नशीब, आणि रस्ता ओला असेल तर थांबायला ४५ मीटर पुरत नाहीत. म्हणजे रात्रीच्या पावसात ताशी ६० सुद्धा आपल्या हेडलाइटच्या पुढे धावणं आहे. हातात कितीही सफाई असो, न दिसलेल्यावर ती चालत नाही.

पुढच्या गाडीपासून अंतर ठेवण्यासाठी मी आजीचा जप वापरतो. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की ‘श्रीराम जयराम जय जय राम’ सावकाश म्हणायचं. आपण त्या खांबापाशी पोचायच्या आत ते पूर्ण झालं पाहिजे. पावसात दोनदा.

सरळ आणि ओळखीच्या रस्त्यावर ढिले पडू नका

आपण घाटाला घाबरतो. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू नोंदले आहेत. त्यातले साधारण दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावरचे आहेत आणि दहातल्या सुमारे सात मृत्यूंना वेग कारण आहे. अनमोड घाटात सगळे सावध असतात. जुवारीच्या नव्या पुलावर आल्यावर मात्र हात सैल होतो, फोन वाजतो, नजर खाली जाते. दोन सेकंद खाली बघितलं तर ताशी ६० ला ३३ मीटर आंधळेपणाने गेलेले असतात.

उतारावर न्यूट्रल करू नका

जुन्या जाणत्यांची ही युक्ती. आजच्या इंजेक्शनवाल्या इंजिनात गियरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंदच होतं, न्यूट्रलमध्ये उलट थोडं जळत राहतं. वाचत काही नाही, आणि इंजिनाचा आधार जाऊन सगळा भार ब्रेकवर येतो.

‘मला काही होत नाही’ हे मोजणाऱ्याच्याच तोंडून ऐकू नका

उर्राकचा, म्हणजे काजूच्या दारूचा, मोसम आला की हे वाक्य हमखास कानावर येतं. दारू हातापायांच्या आधी विवेक सैल करते. म्हणजे आपण ठीक आहोत का हे ठरवणारा भाग आधी बिघडतो आणि मग त्यालाच आपण विचारतो. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. किती घोटांनी ती ओलांडते ते शरीरावर आणि पोटात काय आहे त्यावर ठरतं, म्हणून घोटांचा हिशोब करू नये. चालवायचं असेल तर घेऊ नये.

झोपेबद्दल आपण एवढे कडक नसतो. ऑस्ट्रेलियात १९९७ मध्ये दिसून आलं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्याइतकी खालावते. आपल्या मर्यादेपेक्षा जास्त! सकाळी सहाला उठून दिवसभर काम, रात्री जत्रेला, पहाटे दशावतार संपल्यावर पेडण्याहून फोंड्याला गाडी. तेव्हा जागं राहून २२ तास झालेले असतात आणि आपण अभिमानाने सांगतो, एक थेंब घेतला नाही. काच खाली करून, गाणी मोठी लावून झोप जात नाही. देवळाच्या आवारात गाडीतच तासभर झोपा, किंवा उजाडल्यावर निघा.

आता तपासायचं कसं

पहिलं, महिन्यातून एकदा डावीकडे बसा. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्या आणि तुमचा पाय कुठे-कुठे मॅट दाबतो ते बघा. मग त्याच जागी तुम्ही काय करता ते त्यांना विचारा. विचारताना चिडायचं नाही. आमच्या घरी पहिल्या दिवशी बायकोने सात जागा सांगितल्या. त्या तिला वर्षानुवर्षं माहीत होत्या, मी कधी विचारलं नव्हतं. मागे बसलेल्या माणसाने दरवाज्यावरची मूठ धरली तर तो घाबरट आहे असं समजू नका.

दुसरं, एकटे असताना मोठ्याने बोलत चालवा. “डावीकडे बस उभी, कोणी उतरेल. पुढे शाळा. आरशात मोटरसायकल, ती उजवीकडून येणार.” पाच मिनिटांत कळतं की आपण किती थोडं बघत होतो. फर्मागुडी ते बाणस्तारी मी पहिल्यांदा बोलत गेलो, तेव्हा तीनदा मधेच गप्प झालो. त्या जागी मी काही बघतच नव्हतो, गाडी सवयीने चालली होती.

तिसरी ती वही. एकच जागा तीनदा आली तर आपण सावध राहू असं ठरवून काही होत नाही, ते मी करून बघितलंय. वेळ बदला किंवा तिथे ओव्हरटेक करायचाच नाही असा नियम करा. म्हार्दोळच्या उतरणीवर आता आमच्या घरातलं कोणीच ट्रकच्या पुढे जात नाही. वही मुलाच्या दप्तरात असते आणि माझ्या नोंदी तो लिहितो.