पोटातलं डिझेल इंजिन काढून बोटीला आउटबोर्ड बसवताना

पवनी तालुक्यात माझं शेतीपंपाच्या इंजिनांचं दुकान आहे. गोसीखुर्द धरणाचं पाणी भरत गेलं तशा दुकानात बोटीही येऊ लागल्या. पत्र्याची वीस फुटी बोट, पोटात धानाला पाणी देणारं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, तिथून मागं गेलेला शाफ्ट आणि पाण्यात पंखा. आता बरेच जण विचारतात, भाऊ, हे काढून मागं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लावायची पंख्यासकट मोटर, लावता येईल का? येतं. पण मोटर विकत आणणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरं काम आहे ते वजनाचं आणि मागच्या पाटीचं, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या बाजूचं.

आधी हिशोब करा. सहा एचपीचं डिझेल इंजिन पूर्ण लोडवर तासाला साधारण सव्वा लिटर डिझेल पितं. ९.९ एचपीची पेट्रोल आउटबोर्ड पूर्ण गतीवर चार लिटरच्या आसपास जाते. दिवसभर माल किंवा माणसं वाहायची असतील तर डिझेल काढू नका, असंच मी सांगतो. पण सकाळी जाळी काढायला जाऊन तासा-दोन तासांत परत यायचं असेल, तर आउटबोर्ड चांगली. आमच्या पाण्यात तिचा मोठा गुण वेगळाच आहे. धरणात बुडालेल्या झाडांची खुंटं आहेत आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती पंख्याच्या उंचीवर येतात. आतला शाफ्ट खुंटावर आदळला की वाकतो, शाफ्टभोवती पाणी अडवणारा ग्लँड ढिला होतो आणि बोटीत पाणी येतं. आउटबोर्ड ठोकर लागली की मागं उचलली जाते. काठाजवळ इकॉर्नियात, म्हणजे जलपर्णीत, पंखा गुंतला तर मोटर वर करून हातानं साफ करता येतो, पाण्यात उतरावं लागत नाही.

एचपीचा मोह मात्र आवरा. पाणी कापत जाणाऱ्या बोटीची चाल तिच्या लांबीवर ठरते. पाण्याला टेकलेली लांबी १८ फूट असेल तर ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या पुढं ती फक्त लाट उभी करते आणि पेट्रोल जाळते. वीस फुटी जड बोटीला ९.९ पुरे. २५ एचपी लावलेली बोट मागून बसते आणि पुढून आकाशाकडं पाहते.

काम मे महिन्यात काढा, पाणी खाली गेलेलं असतं आणि बोट काठावर ओढता येते. इंजिनाला हात लावण्याआधी एक गोष्ट करा, कारण नंतर ती करता येणार नाही. बोट पाण्यात असतानाच पुढं, मागं आणि दोन्ही बाजूंना पाण्याच्या रेषेवर ऑइलपेंटनं खूण करा. एकदा रिकाम्या बोटीवर, एकदा नेहमीच्या भाराची. मग इंजिन, फ्लायव्हील, शाफ्ट, पंखा, सुकाणू, टाकी, जे जे निघेल ते राईस मिलच्या काट्यावर तोला आणि कागदावर लिहा. प्रत्येक वस्तू बोटीच्या मधल्या बिंदूपासून किती फूट मागं होती तेही लिहा.

आता गणित. वजन गुणिले मधापासूनचं अंतर. समजा इंजिन १८० किलोचं आणि मधापासून ३ फूट मागं होतं, म्हणजे ५४०. चालवणारा ६५ किलोचा, ४ फूट मागं, म्हणजे २६०. मागचा एकूण ओढा ८००. आता ४० किलोची मोटर १० फुटांवर, म्हणजे ४००. हँडल हातात धरायला चालवणारा ८ फुटांवर सरकला, ५२०. झाले ९२०. त्यात पेट्रोलनं भरलेली २५ किलोची टाकी मोटरीजवळ ९ फुटांवर ठेवली तर आणखी २२५, एकूण ११४५. म्हणजे १४० किलो कमी करूनही बोट मागून जास्त बसणार! तीच टाकी मधापासून ४ फूट पुढं ठेवली तर १०० वजा होतात आणि आकडा ८२० वर येतो. एका टाकीची जागा बदलली की सगळं जुळतं. नळी लांब लागेल, पण जोड कमीत कमी ठेवा, कारण प्रत्येक जोड हवा ओढू शकतो. हातानं दाबायचा रबरी बल्ब मोटरीजवळ असावा, त्यावरचा बाण मोटरीकडं.

वजनाची दुसरी बाजू गणितात दिसत नाही. इंजिन बोटीच्या तळाशी होतं, म्हणून ते बोटीला आडवं होऊ देत नव्हतं. ते निघालं की बोट पाण्यावर उंच तरते आणि डुगडुगते. पहिल्यांदा पाण्यात सोडाल तेव्हा गुडघाभर पाण्यात दोन माणसं बोटीच्या एका कडेला उभी करून पाहा. जास्त झुकत असेल तर वाळूची पोती तळाशी, मधोमध, दोरीनं आवळून बांधा. सुटे दगड ठेवू नका, बोट कलली की तेही कललेल्या बाजूला घरंगळतात. सप्टेंबर २०२१ मध्ये वरूड तालुक्यात झुंज इथं वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण गेले. बोट हलकी झाली म्हणून दोन माणसं जास्त बसवू, असं कोणी म्हणालं की मला ते आठवतं.

भोकं बुजवणं वेल्डिंगवाल्याचं काम, पण डोळा तुमचा हवा. शाफ्टच्या नळीचं, सुकाणूचं आणि थंड पाण्याच्या नळीचं अशी तीन ठिकाणं असतात. तळातलं डिझेल आणि तेलकट चिखल साबणाच्या पाण्यानं पूर्ण धुतल्याशिवाय वेल्डिंगची कांडी पेटवू देऊ नका. भोकाभोवतीचा गंजलेला पातळ पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, ठिगळ तेवढ्याच जाडीचं घ्या, त्याचे कोपरे गोल करा आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून वेल्ड मारा. मग तपासणी: बाहेरून खडूची भुकटी पाण्यात कालवून लावा, वाळू द्या, आतून रॉकेल लावा. अर्ध्या तासात पांढऱ्यावर ओला डाग उमटला तर तिथं सुईएवढं का होईना, छिद्र आहे. रंग त्यानंतर. बोट फायबरची असेल तर भोकाच्या कडा जाडीच्या बारा पट लांबीपर्यंत उतरत्या घासायच्या आणि मॅट व रेझिनचे थर द्यायचे. नुसती पुटी भरलेली टिकत नाही.

इंजिन ज्या दोन लांब लोखंडी बीमांवर बसलं होतं, ते कापू नका. जागा मोकळी करायच्या घाईत पुष्कळ जण तेच पहिल्यांदा कापतात. ते तळाचा कणा आहेत, आणि आता मागच्या पाटीलाही तेच धरणार आहेत.

मागची पाटी आजवर फक्त पाणी अडवत होती. आता पंखा खालून पुढं ढकलणार, त्यामुळं मोटरीची पकड पाटीचा खालचा भाग आत दाबते आणि वरचा भाग मागं ओढते. तीन मिलिमीटर पत्रा त्यात फाटतो. पाटीला आतून ४० मिलिमीटरची सागाची फळी लावा आणि तिथून दोन लोखंडी त्रिकोण त्या जुन्या बीमांपर्यंत न्या. फळीच्या कडांना आणि भोकांना राळ किंवा इपॉक्सी पाजा, नाहीतर साग असला तरी पाणी मुरतं.

उंची मोटर घेण्याआधी मोजा. पाटीच्या वरच्या कडेपासून बोटीच्या तळापर्यंत १५ इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, २० असेल तर लाँग शाफ्ट. पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या बरोबरीनं किंवा इंचभर खाली हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढून भिरभिरतो, फार खाली गेली तर पाणी उगाच अडतं आणि खुंटं जवळ येतात. जुन्या पंख्याच्या रक्षणासाठी तळाला लावलेली उभी पट्टी नव्या पंख्याच्या अगदी पुढं येत असेल तर फूटभर आधीच संपवा. तिच्यामागं फेसाळलेलं पाणी पंख्याला मिळतं आणि मोटर थरथरते. पाटी मोटरीसाठी खाली कापली असेल तर आतल्या बाजूनं आडवा पत्रा उभा करा आणि मधल्या जागेतून पाणी मागं जायला दोन भोकं ठेवा. उन्हाळ्यातल्या दुपारी आंभोऱ्याकडच्या रुंद पाण्यावर वारा सुटला की लाट मागूनही चढते.

पकडीचे स्क्रू हातानं घट्ट आवळून भागत नाही. दोन स्टेनलेसचे बोल्ट आरपार, आतून मोठे वॉशर, भोकात सीलंट, आणि वेगळी साखळी बोटीला बांधलेली. पुढच्या गिअरमध्ये मोटर मोकळी उचलली जाते का, हे हातानं उचलून पाहा. तिथं कुठली कडी अडकवून ठेवली तर खुंटाची सगळी ठोकर पाटीवर येईल.

डिझेलवाल्यांना एक गोष्ट नव्यानं शिकावी लागते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते. म्हणून इंजिनाची जुनी पेटी मोकळी झाली तरी पेट्रोलची टाकी त्यात ठेवायची नाही. टाकी काठावर उतरवून भरा, उघड्यावर ठेवा, आणि बोटीत विडी नको म्हणजे नको. मोटर बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला असलीच पाहिजे. तो पाण्यात पडला तर मोटर बंद पडते, नाहीतर सुटी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते.

पहिल्या फेरीत मोटरीच्या मागून पाण्याची बारीक धार पडते का पाहा. धार थांबली म्हणजे थंड पाणी जात नाही, बहुतेक वेळा इकॉर्नियाच्या मुळ्या मोटरीच्या पाणी ओढायच्या जाळीत अडकलेल्या असतात. मोटर पूर्ण गतीवर पुस्तकात दिलेल्या आरपीएमला पोचत नसेल तर कमी पिचचा पंखा घ्या (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढं सरकायला हवा तेवढं अंतर). एक इंच पिच कमी केली की दीड-दोनशे आरपीएम वाढतात. जड बोटीला मोटरीसोबत आलेला पंखा बहुधा जास्त पिचचा पडतो.

यांत्रिक बोटींना २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू आहे. नोंदणी असेल तर हा बदल नोंदणी करणाऱ्या कार्यालयाला आधी कळवा, कारण कागदावर तुमची बोट अजून डिझेलचीच आहे. आणि तासभर चालवून काठाला आलात की पाना घेऊन ते दोन बोल्ट पुन्हा आवळा. नवी फळी दाबली जाते, पहिल्या दिवशी ते अर्धा आटा तरी फिरतातच.