छतातील सबवूफर आणि ॲम्प्लिफायर: पुण्यातल्या घरासाठी निवड कशी करावी

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला किंवा कोथरूडमधल्या जुन्या सोसायटीचा पुनर्विकास पूर्ण झाला की इंटिरियरच्या कामाबरोबर घरभर संगीत ऐकू येण्याची व्यवस्था करावी, असा विचार आता अनेक कुटुंबे करतात. छतात साधे गोल स्पीकर बसवणे फारसे अवघड नाही. सबवूफरची, म्हणजे फक्त खर्जाचे खोल आवाज वाजवणाऱ्या स्पीकरची, गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण तो खोलीतील हवेबरोबर छतालाही हलवतो आणि फॉल्स सीलिंग एकदा बंद झाले की त्यात दुरुस्तीला फारसा वाव उरत नाही. म्हणून त्याची निवड कॅटलॉगमधील वॅटच्या आकड्यावरून करू नये. खोलीची मापे, वरचा स्लॅब आणि सीलिंगमधील पोकळी पाहून ती करावी, आणि जिप्सम बोर्ड लागण्यापूर्वीच करावी.

सबवूफरची गरज कोठे आहे, हे आधी ठरवावे. छतातील साडेसहा इंची स्पीकर ८० ते १०० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने) खाली हळूहळू दुबळा पडत जातो. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर वाजते, बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर, तर चित्रपटातील स्फोटांचे आवाज ३० हर्ट्झच्याही खाली जातात. ज्या घरात मुख्यतः शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत आणि भावगीते ऐकली जातात, तेथे ४० हर्ट्झपर्यंत स्वच्छ वाजणारा आठ इंची सबवूफर पुरेसा असतो. त्याहून खाली जाण्याचा हट्ट महागात पडतो, कारण तोच आवाज एक सप्तक खाली मिळवायचा तर वूफरच्या पडद्याला चौपट अंतर पुढेमागे व्हावे लागते. एवढा प्रवास छतात मावणाऱ्या पातळ रचनेला सहसा झेपत नाही. दिवाणखान्यात जमिनीवर पेटी ठेवायला जागा असेल, तर तेवढ्याच पैशांत जमिनीवरचा सबवूफर अधिक चांगला मिळतो, असे माझे स्पष्ट मत आहे. छतातील सबवूफर जागा नसलेल्या किंवा जमीन मोकळी ठेवायची असलेल्या घरासाठी आहे. शयनगृहात आणि स्वयंपाकघरात तो बसवूच नये. तेथे चांगले स्पीकर पुरतात.

निवडीत सर्वांत महत्त्वाचा भाग वूफरच्या मागच्या बंद पेटीचा आहे. काही सबवूफर पेटीशिवाय, नुसत्या जाळीसह मिळतात आणि सीलिंगमधील पोकळीलाच पेटी मानतात. फ्लॅटमध्ये ही पोकळी बहुधा सहा ते आठ इंचांची असते, ती शेजारच्या खोलीपर्यंत पसरलेली असते आणि तिच्यात डाउनलाइट, एसीचे पाइप आणि वायरिंग दाटलेले असते. अशा पोकळीत वूफरचा मागचा आवाज सगळीकडे फिरतो, बोर्ड थरथरतो आणि वरच्या घरात धक्के जाणवतात. त्यामुळे कारखान्यातूनच बंद पेटीसह येणारे मॉडेल घ्यावे आणि खरेदीपूर्वी पेटीची उंची, तिचे वजन आणि स्लॅबपासून खालच्या बोर्डापर्यंतचे प्रत्यक्ष अंतर फूटपट्टीने मोजून पडताळावे. बीमच्या खाली हे अंतर अचानक कमी होते, हे नकाशावर लक्षात येत नाही.

पेटीचे वजन जिप्सम बोर्डावर किंवा त्याच्या पातळ जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पट्ट्यांवर कधीही टाकू नये. स्लॅबमध्ये अँकर फास्टनर ठोकून, मध्ये रबरी कंपशोषक घालून पेटी स्वतंत्रपणे टांगावी आणि बोर्डाशी तिचा संबंध केवळ जाळीच्या कडेपुरता, मऊ गॅस्केटमधून ठेवावा. रबराचा हा थर वगळला तर कंपने थेट काँक्रीटमध्ये उतरतात. काँक्रीटमधून गेलेला खर्ज वरच्या मजल्यावर भिंतींसह ऐकू येतो, आणि खाली आवाज थोडा कमी केल्याने तो नाहीसा होत नाही. आणखी एक काळजी आपल्याकडच्या इमारतींमध्ये अवश्य घ्यावी: वरच्या घराच्या बाथरूमखाली सबवूफर किंवा स्पीकर ठेवू नये. तेथील गळती आज नसली तरी पुढे सुरू होऊ शकते, आणि ती थेट पेटीत उतरते.

जागा निवडताना खोलीचे स्वतःचे नाद, म्हणजे तिच्या मापांमुळे तिच्यात घुमणारे स्वर, समजून घ्यावे लागतात. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आहे. त्याला खोलीच्या मापाच्या दुपटीने भागले की त्या दिशेचा पहिला नाद मिळतो. साडेपाच मीटर लांब, ३.३ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच दिवाणखान्यात हे नाद अनुक्रमे सुमारे ३१, ५२ आणि ६४ हर्ट्झवर येतात. छतातील सबवूफर उंचीच्या दिशेचा नाद सर्वांत जोराने जागा करतो, परंतु बसलेल्या माणसाचा कान खोलीच्या निम्म्या उंचीच्या जवळ असतो आणि नेमका तेथेच हा नाद सर्वांत क्षीण असतो. त्यामुळे त्या सुमाराचे स्वर, म्हणजे तानपुऱ्याचा खर्जही, कानाला पातळ वाटण्याची शक्यता राहते. यावर उपाय प्रयोगाचा आहे. सीलिंगचा सांगाडा उभा राहण्यापूर्वी एखादा लहान सबवूफर मित्राकडून आणावा, रंगाऱ्याच्या घोडीवर तो छताजवळ धरावा, खोलीचे कोपरे आणि भिंतींचे मध्य या प्रत्येक ठिकाणी तेच गाणे वाजवावे आणि सोफा जेथे येणार आहे तेथे खुर्ची टाकून ऐकावे. कोपऱ्यात आवाज अधिक भरतो पण एखादा स्वर घुमतो, तर भिंतीच्या मध्यावर तो थोडा कमी पण अधिक सारखा वाटतो. खोली मोठी असेल तर एकच दणकट सबवूफर घेण्यापेक्षा समोरासमोरच्या भिंतींच्या मध्याजवळ दोन लहान बसवावेत, म्हणजे बहुतेक आसनांवर खर्ज सारखा पोहोचतो.

आता ॲम्प्लिफायर. छतातील बहुतेक सबवूफर पॅसिव्ह असतात, म्हणजे त्यांना बाहेरून शक्ती द्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. ज्या मॉडेलमध्ये ॲम्प्लिफायर आतच बसवलेला असतो, त्याला छताच्या पोकळीत २३० व्होल्टचा पॉइंट द्यावा लागतो, त्याची उष्णता तेथेच कोंडते आणि तो बिघडला की सीलिंग उघडावे लागते. बाहेरचा ॲम्प्लिफायर निवडताना शिखर वॅट, म्हणजे केवळ क्षणभर मिळणारी शक्ती, पाहू नयेत. ४ किंवा ८ ओहमला सलग मिळणारे आरएमएस वॅट पाहावेत. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. त्यामुळे १५० आणि २०० वॅटच्या ॲम्प्लिफायरमध्ये फरक सव्वा डेसिबलच्या आसपास राहतो, तर ८४ आणि ९० डेसिबल संवेदनशीलतेच्या (तेवढ्याच शक्तीत किती आवाज निघतो, त्याच्या मापाच्या) दोन सबवूफरमधील फरक चौपट शक्तीएवढा असतो. संवेदनशीलतेचा हा आकडा विक्रेत्याला आवर्जून विचारावा.

संपूर्ण घरासाठी प्रत्येक खोलीचे दोन आणि प्रत्येक सबवूफरचा एक, असे चॅनल, म्हणजे ॲम्प्लिफायरमधून निघणाऱ्या स्वतंत्र जोडण्या, मोजावेत. दिवाणखाना, दोन शयनगृहे, स्वयंपाकघर आणि गच्ची मिळून दहा चॅनल होतात, दिवाणखान्यातील सबवूफर धरून अकरा. बारा चॅनलचा क्लास डी (कमी तापणाऱ्या प्रकारचा) ॲम्प्लिफायर येथे बसतो, पण सबवूफरच्या चॅनलला पुरेसे वॅट मिळतात का, हे पाहावे. मिळत नसतील तर आठ चॅनलचा एक, सबवूफरसाठी वेगळा एक आणि गच्चीसाठी छोटा एक अशी विभागणी अधिक शहाणपणाची ठरते. दोन चॅनल जोडून ब्रिज करण्याचा पर्यायही असतो. मात्र ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनलला सबवूफरचा निम्माच रोध दिसतो, म्हणून ४ ओहमचा सबवूफर ब्रिजवर जोडण्यापूर्वी ॲम्प्लिफायरची किमान मर्यादा वाचावी. डीएसपी, म्हणजे आवाजाला डिजिटल पद्धतीने वळण देणारी सोय, असलेला ॲम्प्लिफायर घेण्यासाठी थोडे अधिक पैसे खर्च करावेत, असे मी आग्रहाने सुचवेन. ८० हर्ट्झच्या खालचे स्वर सबवूफरला आणि वरचे स्पीकरला वाटून देणारा क्रॉसओव्हर, ३० हर्ट्झच्या खालचे स्वर अडवून वूफरला वाचवणारा फिल्टर, फेज (सबवूफर आणि स्पीकर यांच्या कंपनांचा मेळ), विलंब, घुमणारा स्वर कापण्याची सोय आणि आवाज ठरावीक पातळीपुढे जाऊ न देणारा लिमिटर या सगळ्या गोष्टी त्यातच मिळतात. छतातील वूफर हाताने हलवता येत नाही, म्हणून पुढची सर्व दुरुस्ती येथूनच करावी लागते.

वायर पुण्यातील विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत कोणत्याही जाडीची मिळते. ती शुद्ध तांब्याचीच घ्यावी आणि कापलेल्या टोकाला आतून चंदेरी रंग दिसला तर परत करावी, कारण तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचा रोध पुष्कळ जास्त असतो. वायरचा जाऊन-येऊन रोध स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांत राहावा. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १५ मीटरवर सुमारे ०.२ ओहम देते, म्हणजे ४ ओहमच्या सबवूफरसाठी ती तेथपर्यंतच चालते. अंतर त्याहून अधिक असेल तर ४ चौरस मिलिमीटर वापरावी. ही वायर विजेच्या वायरिंगच्या पाइपातून नेऊ नये. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने अर्थिंगमधील दोषाची गुणगुण नेमकी सबवूफरच्या पट्ट्यात येते. ती टाळण्यासाठी ॲम्प्लिफायर, टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स एकाच बोर्डावरून चालवावेत. ॲम्प्लिफायर माळ्यावर किंवा बंद टीव्ही युनिटमध्ये कोंडू नये. एप्रिल-मेच्या उकाड्यात तो तापून स्वतःच बंद पडतो.

जोडणी झाल्यावर, रंगाचा शेवटचा हात देण्यापूर्वी, २० ते १२० हर्ट्झचा हळूहळू चढणारा स्वर वाजवावा आणि कोणता डाउनलाइट, एसीची कोणती जाळी किंवा कोव्हची (सीलिंगच्या कडेने लपवलेल्या दिव्यांच्या खाचेची) कोणती पट्टी खडखडते ते खूण करून तेथे फोम भरून घ्यावा. नंतर ८० हर्ट्झचा स्वर लावून फेज ० आणि १८० अंशांवर बदलून पाहावी व ज्या स्थितीत सोफ्यावर आवाज अधिक येईल ती ठेवावी. सर्वांत शेवटी वरच्या शेजाऱ्यांना विचारून, त्यांच्या घरात कोणीतरी उभे राहून ऐकावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. परंतु हे मोजमाप कमी वारंवारितेच्या आवाजाला थोडेच वजन देते, म्हणून खर्जाच्या बाबतीत शेजाऱ्यांचा कान मीटरपेक्षा अधिक विश्वासाचा मानावा. त्यांना जेथे धक्का जाणवत नाही, ती पातळी ॲम्प्लिफायरच्या लिमिटरमध्ये कायम करावी आणि रात्री दहानंतरसाठी सबवूफर बंद असलेला वेगळा प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवलेली जुळवणी, साठवून ठेवावा.