बल्गेरियाच्या खेड्यात कुत्र्यांसह राहायला जाताय? या चुका टाळा

आमच्या शेजारी एक आजी राहतात. गाव त्यांना 'बाबा' म्हणतं, कारण बल्गेरियनमध्ये बाबा म्हणजे आजी. हे माझ्या तोंडी बसायला वर्ष गेलं. आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या कुंपणाशी आल्या आणि आमच्या वाघ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हापे ली?" चावतो का? एवढं बल्गेरियन मी पाठ करून आले होते. मी हसून मान डावी-उजवी हलवली. छे हो, नाही. त्या दोन पावलं मागे सरल्या. मला वाटलं यांना कळलं नाही, म्हणून मी आणखी जोरात हलवली.

बल्गेरियात मान डावी-उजवी हलवली की 'हो' होतं, आणि हनुवटी वर झटकली की 'नाही'. म्हणजे हसतमुखाने मी त्यांना दोनदा सांगितलं होतं, की हो, चावतो, कडकडून चावतो. आठवड्याभरात गावभर झालं. पोस्टाची बाई फाटकापासून दहा हात लांब उभी राहून हाका मारायची. आपली भारतीय अर्धवट डोलणारी मान तर इथे सरळ होकारच समजतात. त्यातून काही तरुण मंडळी परदेशी माणूस बघून मुद्दाम तुमच्या पद्धतीने मान हलवतात, मग कोण कुणाच्या भाषेत बोलतंय तेच कळत नाही. उपाय एकच: मान ताठ ठेवायची आणि तोंडाने बोलायचं. 'दा' म्हणजे हो, 'ने' म्हणजे नाही. आणि कुत्रेवाल्यांनी 'ने हापे', चावत नाही, हे दोन शब्द सामान बांधायच्या आधी शिकायचे.

आम्ही वेलिको तर्नोवोपासून अर्ध्या तासावरच्या एका टेकडीवरच्या गावात राहतो. सोबत दोन कुत्रे, पुण्याचा गावठी वाघ्या आणि जर्मनीत दत्तक घेतलेली चिंगी. पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका आम्ही स्वतः केल्या आहेत. उरलेल्या करता करता वाचलो.

आधी लस, मग चिप

ही चूक भारतातून कुत्रा आणणारे हमखास करतात. रेबीजची लस असते, कार्डावर शिक्का असतो, पण ओळखीची चिप (कातडीखाली बसवतात ती) नंतर बसवलेली असते. युरोपीय संघाच्या हिशेबी चिपच्या आधीची लस म्हणजे लसच नव्हे. वाघ्याच्या बाबतीत आम्हाला सगळं पहिल्यापासून करावं लागलं. क्रम असा: १५ आकडी चिप, मग लस (पिल्लू किमान १२ आठवड्यांचं हवं), मग निदान ३० दिवस थांबून रक्त काढायचं, ते युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि प्रतिपिंडांचा आकडा ०.५ किंवा त्याहून जास्त आला की रक्त काढल्याच्या तारखेपासून ३ महिने थांबायचं. भारत त्यांच्या सवलतीच्या यादीत नाही, म्हणून ही तपासणी चुकत नाही. थोडक्यात, चार महिन्यांच्या आत जमत नाही. विमानाचं तिकीट आधी काढणाऱ्यांनी हा हिशेब करावा.

युरोपातल्या युरोपात येणाऱ्यांना पाळीव प्राण्यांचा पासपोर्ट आणि चालू लस पुरते, पण तिथे एक खाच आहे. बरेचजण गाडीने सर्बियातून येतात, कारण नकाशावर रस्ता सरळ दिसतो. सर्बिया संघाबाहेर आहे आणि त्याच यादीबाहेर. नुसतं पार होऊन जाणाऱ्यांना सवलत आहे, पण त्यासाठी लेखी हमी लागते आणि सीमेवरच्या माणसाची मर्जी सांभाळावी लागते. आम्ही हंगेरी-रोमानियामार्गे येऊन रुसेच्या पुलावरून डॅन्यूब ओलांडली. १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया आणि बल्गेरिया दोघंही जमिनीवरच्या सीमांसकट शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सीमातपासणी नसलेल्या देशांच्या गटात आहेत, त्यामुळे हा लांबचा रस्ताच आता जवळचा झाला आहे. दक्षिणेत स्विलेनग्राद, एल्होवोकडे राहणाऱ्यांना तुर्कस्तानातलं एदिर्ने बाजारहाटासाठी जवळ पडतं. कुत्र्याला गाडीत घालून तिकडे सहज चक्कर मारायची नाही. परत येताना तो तुर्कस्तानातून आलेला कुत्रा ठरतो आणि तीच रक्ताची तपासणी आडवी येते.

पुण्याला सुट्टीत कुत्रा नेणार असाल तर ही तपासणी निघण्याआधी इथेच करून पासपोर्टवर नोंदवून घ्या. मग परतताना ते ३ महिने थांबावं लागत नाही. पुढची प्रत्येक लस मात्र तारखेच्या आत द्यायची. एक दिवस उशीर झाला की तपासणी बाद.

घर बघता, कुंपण बघत नाही

१९८० च्या दशकात या देशाची लोकसंख्या ९० लाखांच्या घरात होती. २०२१ च्या जनगणनेत ती ६५ लाखांवर आली. याचा अर्थ खेड्यात चालताना कळतो. आमच्या गल्लीत नऊ घरं आहेत, त्यातल्या चारांत चूल पेटते. बाकीच्यांची छपरं बसलेली, अंगणात अक्रोडाची झाडं आणि गुडघ्याच्या वर गवत. घरं स्वस्त मिळतात ती यामुळेच. आणि कुत्रे हरवतात तेही यामुळेच.

आम्ही घर बघायला आलो तेव्हा मातीच्या विटांच्या भिंती ठोकून पाहिल्या, कौलं मोजली, द्राक्षाच्या मांडवाखाली उभं राहून फोटो काढले. कुंपण? जाळी दिसली, पुरे झालं. दीड देकार अंगण, म्हणजे दीड हजार चौरस मीटर. मागची जाळी पडक्या गोठ्याआड कधीच गंजून जमिनीला टेकली होती. पहिल्याच संध्याकाळी कोल्हेकुई सुरू झाली. हो, आपल्या माळावरची तीच कोल्हेकुई. तोच सोनेरी कोल्हा इथेही भरपूर आहे. मी खिडकीत उभी राहून गहिवरत होते, तेवढ्यात वाघ्या गोठ्यामागून निघून गेला. रात्री दोन वाजता, तीन अंगणं पलीकडे, एका ओसाड घराच्या विहिरीपाशी सापडला. विहिरीवर झाकण म्हणून जुना दरवाजा टाकलेला होता आणि त्याची एक फळी कुजलेली होती. त्या फळीवर वाघ्याचा पंजा टॉर्चच्या उजेडात पाहिला, त्यानंतर मी कोल्हेकुईला कधी गहिवरले नाही.

तेव्हा घराचा सौदा करण्याआधी कुंपणाच्या कडेकडेने अख्खं अंगण फिरा, आणि जमल्यास वाकून, कुत्र्याच्या उंचीवरून बघा. जाळी जमिनीत वीतभर गाडायची. स्वतःची विहीर असेल तर तिला लोखंडी झाकण आणि कुलूप. शेड, तळघर, माळा सगळं रिकामं करायचं, कारण जुन्या घरांत उंदराचं विष कोपऱ्याकोपऱ्यात टाकलेलं असतं. आमच्या तळघरात एका बशीत गुलाबी दाणे निघाले, वर वीस वर्षांची धूळ. पहिले पंधरा दिवस कुत्रे अंगणातसुद्धा लांब दोरीवर.

कागदांचं थोडक्यात: भारतीय पासपोर्टवर इमारत नावावर होते, तिच्याखालची जमीन होत नाही. ती घ्यायला इथे कंपनी काढावी लागते. युरोपीय संघाच्या नागरिकांना ही अडचण नाही. खरेदीनंतर दोन महिन्यांत नगरपालिकेत घराची नोंद करायची. तिथेच कुत्र्यांच्या वार्षिक कराचं विचारून घ्या. नसबंदी झालेल्या कुत्र्याला तो माफ आहे, पण तसा कागद लागतो.

कुसळ

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चिंगी एकाएकी डोकं एका बाजूला टाकून गोल फिरायला लागली. कानाला हात लावू देईना. शहरातल्या डॉक्टरांनी कानात नळी घालून पडद्यावर दाखवलं: रानटी गवताचं एक कुसळ, टोक आत आणि शेपटीचे केस बाहेर, कानाच्या पडद्याला अगदी टेकलेलं. बारीक चिमट्याने ते ओढताना मला आमच्या आजीचा ओचा आठवला, त्यात अशीच कुसळं भरायची. कुसळ पुढेच सरकतं, मागे येत नाही. कानात, नाकात, बोटांच्या बेचक्यात, कधी कातडीखाली शिरून पार भलतीकडे निघतं.

गवत वाळल्यावर कापण्यात अर्थ नसतो, उलट कुसळं सगळीकडे उडतात. मे महिन्यात, हिरवं असतानाच कापा, आणि जूनमध्ये पुन्हा. केसाळ कुत्र्याच्या बोटांमधले केस कात्रीने बारीक ठेवा. फिरून आलं की आधी पंजे आणि कान, मग आपला चहा. एका बोटाला सूज येऊन कुत्रा ते चाटत राहिला तर मलम लावत बसू नका, आत बहुधा कुसळ असतं.

"आता थंडी आली, गोचीड कशाला असतील?"

हे वाक्य मी नोव्हेंबरमध्ये म्हटलं होतं. इथल्या ज्या गोचिडामुळे बबेसिया हा रक्ताचा आजार होतो, ती नेमकी शरद आणि वसंतात जोरात असते, आणि हिवाळ्यातल्या उबदार दिवशीही बाहेर पडते. वाघ्या सकाळी उठला नाही, जेवण नको, हिरड्या पांढुरक्या, आणि दुपारी लघवी काळ्या चहाच्या रंगाची. ही खूण लक्षात ठेवा. त्या रंगाची लघवी दिसली की उद्यावर टाकायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. तांबड्या पेशी फुटत असतात आणि प्रत्येक तास मोजावा लागतो. वेळेत इंजेक्शन मिळालं की कुत्रा उठून बसतो. वाघ्या दुसऱ्या दिवशी भाकरी मागत होता.

गोचिडाचं औषध वर्षभर, एकही महिना न गाळता. डासांमुळे हृदयात जंत होण्याचा आजार इथे सर्रास आहे, तेव्हा डासांच्या मोसमात महिन्याची गोळी द्यायची, पण मोठ्या कुत्र्याची रक्ततपासणी आधी. दक्षिणेला, विशेषतः नैर्ऋत्येच्या स्त्रुमा खोऱ्याकडे, आजार पसरवणारी वाळूमाशीही असते, तिला हाकलणारी कॉलर लागते. घरात मांजर असेल तर कॉलर किंवा थेंब घेताना त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक आहे का ते डॉक्टरांना विचारा. कुत्र्याला चालतं, मांजराला ते विष आहे. खेड्यात रात्री दवाखाना उघडा नसतो. सोफिया, प्लोवदिव, वार्ना, स्तारा झागोरा अशा शहरांतला तुम्हाला जवळ पडणारा दवाखाना कुत्रा ठणठणीत असतानाच एकदा बघून या.

मेंढरं दिसली की

कळपासोबत कराकाचान जातीचे कुत्रे असतात. लांडगे-अस्वलांशी झुंजायला पोसलेले, अंगाने वासराएवढे. मेंढपाळ दिसत नसला तरी कुत्रे आहेत असंच धरायचं. धनगराच्या कळपाजवळून जाताना जे करतो तेच: लांबूनच थांबायचं, आपला कुत्रा दोरीवर घ्यायचा, मेंढपाळाला मोठ्याने हाक द्यायची आणि लांबचा वळसा. पळायचं नाही, काठी उगारायची नाही. आपला कुत्रा खेळकर आहे हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत शनिवार-रविवारी रानडुकरांसाठी हाकारे घालतात. त्या दिवशी जंगलात कुत्रा मोकळा सोडू नये. आम्ही त्याला आणि स्वतःलाही नारिंगी जाकीट घालतो आणि शक्यतो गावाजवळच फिरतो.

मग नाताळच्या सुमाराला दारात पिशवी येते. कुणीतरी डुक्कर मारलेलं असतं आणि तुमच्या कुत्र्यांसाठी प्रेमाने आतडी, हाडं, कधी रानडुकराचं मांस पाठवलेलं असतं. ते कच्चं घालू नका. डुकरांतून येणारा औयेस्की नावाचा विषाणू डुकरं पचवतात, पण कुत्रा दोन-तीन दिवसांत जातो आणि त्यावर इलाज नाही. पण पिशवी परत करायची नाही, तो अपमान होतो. हसून घ्यायची, "ब्लागोदार्या" म्हणायचं, मांस खळखळून शिजवून मगच घालायचं. हाडं मात्र शिजवल्यावरही द्यायची नाहीत. ती कुठे जातात ते बाबांना अजून माहीत नाही.

लाकडाचं एकच: मे-जूनमध्येच मागवा आणि छपराखाली रचून ठेवा. ऑक्टोबरमध्ये घेतलेलं ओलं लाकूड धूर जास्त देतं आणि ऊब कमी, आणि दोन्ही कुत्रे तुमच्या पांघरुणात शिरतात. शिवाय १ जानेवारी २०२६ पासून चलन युरो झालं असलं, तरी लाकूडवाला अजून जुन्या 'लेव्हा'तच भाव सांगतो. त्याला जवळपास दोनने भागायचं.

साखळीवरचा शारो

खेड्यात बरेच कुत्रे जन्मभर साखळीला असतात. बाबांचाही एक होता. त्याचं नाव शारो, जसं आपल्याकडे मोत्या. पहिल्या वर्षी मी त्यांना गूगलच्या बल्गेरियनमध्ये प्राण्यांच्या हक्कांवर बरंच काही ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं, आत गेल्या आणि पुढचे तीन महिने आमच्याशी बोलल्या नाहीत. नव्या माणसाची सर्वात महागात पडणारी चूक हीच असावी. दुसरी, गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांना फाटकाबाहेर खाऊ घालणं. पंधरा दिवसांत तिथे टोळी जमते आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्या कमी व्हायला लागतात. खायला घालायचं तर आपल्या अंगणात, आणि आधी नसबंदी. दुपारी दोन ते चार बऱ्याच ठिकाणी शांततेची वेळ असते, त्या वेळी कुत्रे आत घ्या.

बाबांशी बोलणं पुन्हा सुरू झालं ते टोमॅटोवरून. त्यांनी बरण्या भरायला माझी मदत मागितली, मी गेले, शारोबद्दल अवाक्षर काढलं नाही. गेल्या शरदात त्यांनीच विचारलं, तुमच्या चिंगीचं ते ऑपरेशन कुठे केलं? मी त्यांना आणि शारोला गाडीत घातलं. शारो जाताना उलटी करत होता आणि येताना झोपला होता. साखळीच्या जागी आता दहा मीटरची तार ताणली आहे, तिच्यावरून तो हिंडतो. आमच्या फाटकावर मात्र बाबांनी त्या पहिल्या आठवड्यात आणून ठोकलेली 'ज्लो कुचे', म्हणजे 'दुष्ट कुत्रा', ही पाटी अजून आहे.