सेव्ह केलं तरी डेटा जुनाच? व्ह्यूमॉडेल पुन्हा वापरताना या चुका टाळा

बुधवार पेठेतल्या एका दुकानासाठी आम्ही डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजवरची ॲप बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या चौकटीत) बिलिंगचं ॲप केलं होतं. त्यांचे एक ग्राहक सदाशिव पेठ सोडून कोथरूडला राहायला गेले. काउंटरवरच्या ताईंनी पत्ता बदलला, ४११०३० खोडून ४११०३८ टाकलं, सेव्ह दाबलं. स्क्रीनवर नवा पत्ता, बिलावर मात्र जुनाच. माल सदाशिव पेठेतल्या बंद दाराशी जाऊन परत आला.

पत्त्याचं व्ह्यूमॉडेल, म्हणजे स्क्रीन आणि मूळ डेटा (मॉडेल) यांच्या मधला क्लास, आम्ही एकदाच लिहून ग्राहक, पुरवठादार आणि डिलिव्हरी अशा तिन्ही स्क्रीनवर वापरलं होतं. कन्स्ट्रक्टरमध्ये ते मॉडेलमधला पत्ता स्वतःच्या फील्डमध्ये उतरवून घ्यायचं. टाइप केलेलं तिथवर पोचायचं, पुढे मॉडेलपर्यंत न्यायला कोणीच नव्हतं.

अशा वेळी आधी व्ह्यूमॉडेलच्या सेटरवर, म्हणजे प्रॉपर्टीत नवी किंमत लिहिणाऱ्या कोडवर, ब्रेकपॉइंट लावा. तिथे कोड थांबला आणि तरी मॉडेल बदललं नाही, तर कुठेतरी प्रत झाली आहे. थांबलाच नाही, तर घोळ बाइंडिंगमध्ये, म्हणजे स्क्रीनवरचा रकाना आणि प्रॉपर्टी यांना जोडणाऱ्या दुव्यात आहे.

प्रतीचा उपाय सरळ आहे. व्ह्यूमॉडेलच्या हाती मॉडेलच द्या. गेटरने त्यातून वाचावं, सेटरने त्यातच लिहावं आणि मग प्रॉपर्टीचेंज्ड इव्हेंट उठवावा, म्हणजे स्क्रीनला बदल कळतो. ‘रद्द करा’ बटण हवं असेल तर प्रत ठेवणं रास्तच आहे, पण मग मॉडेलमध्ये लिहिणारी मेथड वेगळी करा आणि सेव्हच्या वेळी ती मुख्य स्क्रीनकडून बोलवून घ्या. पत्ता स्ट्रक्ट म्हणून लिहिला असेल तर क्लास करा. स्ट्रक्ट हातातून हातात जाताना त्याची प्रतच होते.

पत्त्याचा यूझरकंट्रोल (पुन्हा पुन्हा वापरता येणारा स्क्रीनचा तुकडा) केला असेल तर त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ‘डेटाकॉन्टेक्स्ट = धिस’ लिहू नका. बाइंडिंगने प्रॉपर्टी कुठे शोधायची ते डेटाकॉन्टेक्स्ट ठरवतो. त्यामुळे बाहेरच्या स्क्रीनने त्याला दिलेली बाइंडिंग बाहेरच्या व्ह्यूमॉडेलऐवजी कंट्रोलमध्येच प्रॉपर्टी शोधत बसतात. ॲप बंद पडत नाही, आउटपुट विंडोत बाइंडिंग चुकल्याची फक्त एक ओळ येते. ती ओळ वाचायची सवय लावा. स्वतः बनवलेल्या डिपेंडन्सी प्रॉपर्टीचं (कंट्रोलच्या बाइंडिंग करता येणाऱ्या प्रॉपर्टीचं) बाइंडिंग मुळात एकतर्फी असतं, कंट्रोलमधला बदल व्ह्यूमॉडेलकडे परत जात नाही, हेही लक्षात असू द्या.

हे सगळं दुरुस्त केलं आणि दोन दिवसांनी ताईंचा फोन आला: पत्ता बदलतोय, पिनकोड तेवढा जुनाच राहतोय. यात त्यांची काहीच चूक नव्हती. टेक्स्टबॉक्समधला मजकूर डीफॉल्टने फोकस सुटल्यावरच पुढे जातो, आणि आमचं सेव्ह बटण टूलबारवर होतं. टूलबारचा फोकस स्कोप (फोकसचा हिशोब ठेवणारा भाग) स्वतंत्र असतो, त्यामुळे तिथे क्लिक केलं तरी टेक्स्टबॉक्सचा लॉजिकल फोकस सुटत नाही. पिनकोड हा शेवटचा रकाना, म्हणून नेमका तोच मागे राहायचा. त्या बाइंडिंगचा अपडेटसोर्सट्रिगर (मजकूर पुढे कधी न्यायचा ते ठरवणारी सेटिंग) ‘प्रॉपर्टीचेंज्ड’ केला, म्हणजे टाइप होताच मजकूर पुढे जाऊ लागला आणि प्रश्न मिटला.

आता कुठलीही स्क्रीन तपासताना मी शेवटच्या रकान्यात कर्सर तसाच ठेवून सेव्ह दाबते, स्क्रीन बंद करते आणि पुन्हा उघडून बघते.