पेशींच्या थराचं मॉडेल वळत नाही, किंवा फारच छान वळतं: या चुका टाळा

गणपतीत रत्नागिरीच्या घरी मोदक वळायला बसलं, की मला विद्यार्थ्यांची संगणकावरची मॉडेलं आठवतात. उकडीची पारी म्हणजे एक पातळ थर. आई कडेला चिमटे काढत कळ्या पाडते आणि पारी मिटत जाते. शेजारी तोच मोदक साच्यातून निघतो. साचा चांगला असेल तर ताटातला मोदक बघून तो कसा झाला हे ओळखणं कठीण. गर्भातल्या पेशींच्या थराचं मॉडेल करताना सर्वांत मोठी फसगत इथेच होते.

शेवटचा आकार जुळला, म्हणून थांबणं

फळमाशीच्या गर्भात पोटाकडचा सुमारे १८ पेशी रुंद आणि ६० पेशी लांब पट्टा साधारण १५-२० मिनिटांत आत वळतो. पेशींची बाहेरची टोकं मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाच्या ओढीने आवळली जातात, हे पक्कं. पण मॉडेलमध्ये बाजूच्या भिंती आखडल्या, किंवा शेजारच्या पेशींनी दोन्हीकडून रेटलं, तरी चर पडू शकतो. चर पडला एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही.

म्हणून क्रम तपासा. खऱ्या गर्भात या पेशी आधी टोकाशी आवळून उंच होतात आणि नंतर, आत वळताना, आखूड होतात. घनफळ जवळपास तेवढंच राहतं. तुमच्या पेशी पहिल्यापासूनच आखडत असतील तर चित्र कितीही देखणं असो, तो साच्यातला मोदक आहे. वक्रता आधीच कोडमध्ये लिहून दिली असेल, तर मग काय विचारायचं!

कडांकडून दाब वाढवूनही थर सपाटच

यात माझे चार दिवस गेले आहेत. सगळे शिरोबिंदू, म्हणजे मॉडेलमधल्या पेशींचे कोपरे, अगदी एका प्रतलात असले, तर प्रतलाबाहेर ढकलणारं बल नेमकं शून्य येतं. कोड बरोबर असतो, तरी थर हलत नाही. सुरुवातीलाच प्रत्येक शिरोबिंदूला उंचीत अगदी बारीक रँडम धक्का द्या, पेशीच्या रुंदीच्या हजाराव्या भागाएवढा. दोन्ही पृष्ठं सारखी असतील तर थर कधी वर, कधी खाली फुगायला हवा. दर वेळी एकाच बाजूला गेला तर कोडमध्ये कुठेतरी असमानता लपलेली आहे, ती शोधा.

उन्हात घातलेला फणसाचा पापड वरून आधी वाळला की कडा वर उचलतात, कारण दोन पृष्ठं वेगवेगळी आखडतात. टोकाकडची आवळण दाखवायची तर मॉडेललाही दोन पृष्ठं हवीत. जाडीच नसलेल्या जाळीकडून ती अपेक्षा करू नका. आणि जाडी अंदाजाने टाकू नका: ती दुप्पट केली की ताणण्याचा विरोध दुप्पट होतो, वाकण्याचा मात्र आठपट.

पेशी एकमेकींत घुसतात

बहुतेक वेळा टाइम स्टेप, म्हणजे गणितात एका पायरीला पुढे सरकणारा वेळ, मोठी असते. ती निम्मी करून बघा. सक्रिय बलं, म्हणजे पेशी स्वतः लावतात ती ओढ, बंद ठेवून थर नुसता शिथिल होऊ द्या: पेशींचे शेजारी बदलतात ते क्षण सोडले तर ऊर्जा प्रत्येक पायरीला कमीच व्हायला हवी. वाढली आणि स्टेप लहान करूनही वाढत राहिली, तर बलाच्या सूत्रात चिन्ह चुकलंय का पाहा. शिरोबिंदू किंचित सरकवून ऊर्जेतला फरक मोजा आणि सूत्राशी ताडून घ्या. तासाभराचं काम आहे, पण टाळलं की आठवडे जातात. दोन पेशींमधली कड किती आखूड झाली की शेजारी बदलायचे, ती लांबीची मर्यादाही फार मोठी ठेवू नका, नाहीतर घट्ट ऊती उगाचच पातळ द्रवासारखी वाहू लागते.

प्रयोगाचे आकडे सरळ उचलणं

खऱ्या ऊतीत पेशींमधली कड लेसरने कापल्यावर टोकं ज्या वेगाने मागे सरतात, त्या वेगाला काही जण थेट ताण समजतात. तो ताण आणि घर्षण यांचं गुणोत्तर सांगतो. दोन जागांची तुलना करताना घर्षण दोन्हीकडे सारखं आहे हे आधी पटवून घ्या.

पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे दर काही मिनिटांनी स्थिती फाइलमध्ये साठवतो, आणि तिच्यासोबत रँडम सीडही, म्हणजे रँडम आकडे ज्या संख्येपासून सुरू होतात तीही, लिहून ठेवतो.