सुतळीचे चार वेढे, झाडाची हद्द

प्लॉटवरचा जुना आंबा नकाशात राखलेला असतो, पण पाया खणताना त्याची मुळे तुटतात आणि घर उभे राहिल्यावर काही पावसाळ्यांत तो वाळत जातो. म्हणून आर्किटेक्टने नकाशा पक्का करण्यापूर्वीच पुढील मोजणी करून घ्यावी.

१. छातीइतक्या उंचीवर खोडाभोवती सुतळीचे चार वेढे घ्यावेत आणि तेवढी सुतळी तोडावी.
२. तिचे एक टोक खोडाशी धरून दुसऱ्या टोकाने जमिनीवर फक्कीचे वर्तुळ आखावे. घेर पाच फूट असेल, तर ही हद्द खोडापासून वीस फुटांवर येते.
३. जोते, शोषखड्डा आणि पाण्याची भूमिगत टाकी या वर्तुळाबाहेर ठेवावी.

काम सुरू होण्यापूर्वी वर्तुळावर बांबूचे कुंपण घालावे, कारण सावली पाहून खडी, वाळू आणि मिक्सर नेमके तिथेच येऊन पडतात आणि दबलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही. उरलेली माती खोडाशी ओढण्याचा मोह तर गवंड्यापेक्षा मालकालाच अधिक होतो, तोही आवरावा.

वड, पिंपळ आणि उंबर यांची मुळे या हद्दीच्या बरीच पलीकडे जातात, तेव्हा त्यांच्यापासून बांधकाम आणखी लांब ठेवावे.