स्मार्ट मीटरचे आकडे उघडण्याआधी वही ठेवा

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक भागांतल्या आमच्यासारख्या शेडवाल्यांनी मीटरचे आकडे बघायच्या आधी आठवडाभर वही ठेवावी. कोणतं मशीन किती वाजता चालू झालं, कधी बंद केलं, करंट कधी गेला, जनरेटर कधी लावला, एवढंच. जनरेटरवर चाललेलं काम मीटरला दिसत नाही, त्यामुळे वही नसेल तर तो काळ सुट्टीसारखा वाटतो.

मग हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं, बिल हाताशी घ्या. आरआर नंबर (आपला ग्राहक क्रमांक), मंजूर भार (कंपनीनं मंजूर केलेली मर्यादा), महत्तम मागणी (महिन्यात नोंदलेला सर्वांत जास्त भार), पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी किती खरोखर कामी येते त्याचं प्रमाण) वेगळे लिहून काढा. कानडी वाचता येत नसेल तर शेजारच्या शेडमध्ये विचारा, अंदाज करू नका. सीटी मीटर (करंट ट्रान्सफॉर्मरमधून मोजणारा) असेल तर गुणक, म्हणजे मीटरचा आकडा ज्यानं गुणायचा तो, विसरू नका, नाहीतर सगळे हिशेब चुकतील. मीटरचं आणि मोबाइलचं घड्याळ जुळतंय ना, तेही बघून ठेवा.

आकड्यांत पहिल्यांदा बंद शेडची रात्र बघा, कारण तिथली बचत उत्पादनाला हात न लावता होते. समजा अर्ध्या तासाच्या कप्प्यात 0.6 युनिट दिसलं, तर सरासरी भार 1.2 किलोवॅट. रात्री दहा ते सकाळी सहा म्हणजे 9.6 युनिट, महिन्याच्या 26 रात्रींचे जवळजवळ 250. बहुतेक वेळा दोषी कॉम्प्रेसर असतो: हवेची गळती, आणि त्यापायी वारंवार सुरू होणारी मोटर. रात्री शेड शांत असताना पाइपच्या जोडांना साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे लगेच सांगतात.

महत्तम मागणीबद्दल एक गैरसमज काढून टाका. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढते, त्यानं हा आकडा फारसा वाढत नाही. मीटर 15 किंवा 30 मिनिटांच्या कप्प्याची सरासरी धरतो. वाढतो तो भट्टी, कॉम्प्रेसर आणि मोठी लेथ एकाच कप्प्यात पूर्ण भारावर चालल्यानं. म्हणून फाउंड्रीवाल्यांनी भट्टी पेटवायची वेळ फोरमनसोबत बसून आधीच ठरवावी, त्याच्या संमतीशिवाय नको.

केंद्राच्या 2023 च्या नियमांप्रमाणे आर्थिक वर्षात किमान तीनदा मंजूर भार ओलांडला तरच वीज कंपनीला तो आपणहून वाढवता येतो. त्यामुळे ओलांडल्याची तारीख आणि वेळ वहीत लाल शाईनं लिहा, आणि त्या दिवशी कुठली ऑर्डर चालू होती तेही.